द्वेषमूलक गुन्ह्यांचे कायदे आणि ‘समान संरक्षणा’चा वाद : महाडपासून कराडपर्यंत, झाशीपासून दिल्लीपर्यंत

सिव्हिल लाइन्स, झाशी (संदर्भ लेख) : एखाद्या व्यक्तीवर तिच्या जातीमुळे, धर्मामुळे, वंशामुळे अथवा भाषेमुळे हल्ला झाला, तर त्या गुन्ह्याला तशाच प्रकारच्या अन्य गुन्ह्याहून वेगळा कायदा आणि अधिक कठोर शिक्षा असावी काय, हा प्रश्न भारतात गेली सुमारे साडेतीन दशके न्यायालयांत, विधिमंडळांत आणि रस्त्यावर मांडला जात आहे. वेगळा कायदा म्हणजे समानतेचा भंग, असे एक मत आहे. असमान समाजात सर्वांना एकच कायदा लावणे म्हणजेच दुर्बलांना संरक्षण नाकारणे, असे दुसरे मत आहे. दोन्ही पक्ष आधार मात्र एकाच तरतुदीचा घेतात. ती म्हणजे राज्यघटनेचा अनुच्छेद १४.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा खटला महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील कराड येथे सुरू झाला. त्याचे पडसाद झाशीच्या शेजारच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात सर्वाधिक तीव्रतेने उमटले आणि अखेर संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. वादाची पार्श्वभूमी, कायद्याची रचना, न्यायालयांचे निर्णय आणि अद्याप अनुत्तरित असलेले प्रश्न यांचा हा आढावा.

एका अनुच्छेदातील दोन आश्वासने

अनुच्छेद १४ राज्यसंस्थेवर दोन बंधने घालतो. कोणत्याही व्यक्तीस ‘कायद्यापुढे समानता’ नाकारता येणार नाही आणि ‘कायद्याचे समान संरक्षण’ही नाकारता येणार नाही. पहिली संकल्पना इंग्लंडच्या विधी-परंपरेतून आली. दुसरी अमेरिकी राज्यघटनेच्या १८६८ मधील चौदाव्या दुरुस्तीतून आली. पहिलीचा भर कोणालाही विशेष सवलत नसावी यावर आहे. दुसरीचा भर संरक्षण प्रत्येकापर्यंत पोहोचावे यावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये अन्वर अली सरकार प्रकरणात पश्चिम बंगालचा विशेष न्यायालयांचा कायदा याच अनुच्छेदाखाली आरोपींपुरता अवैध ठरवला. कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवायचे याचा कोणताही निकष न सांगता तो अधिकार सरकारकडे सोपवलेला होता. त्या निकालातून रूढ झालेली कसोटी आजही लागू आहे. कायदा नागरिकांचे वर्गीकरण करू शकतो. मात्र त्या वर्गीकरणाला समजण्याजोगा आधार असला पाहिजे आणि त्या आधाराचा कायद्याच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे. द्वेषमूलक गुन्ह्यांच्या प्रत्येक कायद्याला या दुहेरी कसोटीतून जावे लागते.

अशा कायद्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात हल्ल्याचे कारण निश्चित केलेले असते आणि बळी कोणत्याही समाजाचा असू शकतो. दुसऱ्यात संरक्षित समाजगट निश्चित केलेला असतो आणि त्या गटाबाहेरील व्यक्तीने केलेले कृत्यच त्या कायद्याखाली गुन्हा ठरते. भारतातील मुख्य कायदा दुसऱ्या प्रकारचा असल्याने समानतेचा आक्षेप येथे अधिक धारदार होतो.

सिव्हिल लाइन्सचा वारसा

व्यक्तीच्या जन्मावरून कायदा बदलण्याची प्रथा या देशाला नवी नाही, याची साक्ष झाशीचा सिव्हिल लाइन्स परिसर देतो. नेवाळकरांचे हे मराठी संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले. १८५७-५८ च्या संग्रामानंतर, १८६१ मध्ये, तटबंदीतील शहर शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाकडे देण्यात आले. ब्रिटिशांची छावणी व नागरी ठाणे मात्र तटाबाहेरील नवाबाद भागात राहिले. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शहर पुन्हा ब्रिटिशांकडे आले. म्हणजे पंचवीस वर्षे तटाच्या आत एक राज्य होते आणि बाहेर दुसरे.

ब्रिटिश हद्दीतही सर्वांना एकच न्यायालय नव्हते. मुफसल भागातील युरोपीय आरोपीवर भारतीय दंडाधिकाऱ्यासमोर खटला चालवता येत नसे. व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत १८८३ मध्ये आलेल्या इल्बर्ट विधेयकाने ही तफावत दूर करू पाहिली, तेव्हा युरोपीय समाजाने मोठे आंदोलन उभारले. १८८४ च्या तडजोडीत, किमान निम्मे सदस्य युरोपीय वा अमेरिकी असलेल्या ज्युरीची मागणी करण्याचा हक्क युरोपीय आरोपींना मिळाला. ही भेदमूलक तरतूद १९२३ मध्ये सौम्य झाली आणि तिचे अवशेष १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने पुसले गेले. त्याच वर्षी संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली.

विशेष कायद्याला विरोध करणारे या इतिहासाचा दाखला देऊन म्हणतात की, जन्मावर आधारलेला फौजदारी भेद परत आणू नये. समर्थकांचे उत्तर असे की, तो भेद प्रबळांना वाचवण्यासाठी होता आणि आजचा भेद दुर्बलांना वाचवण्यासाठी आहे. दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही.

महाड ते १९८९

सर्वांना समान लागू असलेला नियम प्रत्यक्षात का अपुरा पडतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधान परिषदेने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर समानता आली. प्रत्यक्षात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. त्यानंतर स्पृश्यांकडून दाखल झालेला दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

याच अनुभवातून डॉ. आंबेडकर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा, अशी सूचना केली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन कायद्याने शिक्षापात्र ठरवले. हा अनुच्छेद केवळ शासनाला उद्देशून नाही. तो खासगी व्यक्तीलाही बांधतो. असा दंडकायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद ३५ ने फक्त संसदेला दिला.

त्यानुसार १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ मध्ये अधिक कडक होऊन तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. हे कायदे मंदिरप्रवेश, पाणवठा, उपाहारगृह येथील मज्जावापुरते होते. जमीन बळकावणे, वस्त्या जाळणे, स्त्रियांची विटंबना, सामूहिक हत्या या प्रकारांना त्यांत उत्तर नव्हते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्यांवर झालेले हल्ले हे या उणिवेचे उदाहरण होते. अखेर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ संमत झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. बोलीभाषेत तो ‘अ‍ॅट्रॉसिटी कायदा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील नवबौद्धांच्या दृष्टीने त्याच वर्षीची दुसरी घटनाही निर्णायक ठरली. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धधर्मीयांचा त्यात समावेश झाला.

कायद्याची रचना

या अधिनियमाखालील अपराध अनुसूचित जाती वा जमातीचा सदस्य नसलेली व्यक्तीच करू शकते. कलम ३ मध्ये अपराधांची यादी आहे. दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचा मूळ गुन्हा या समाजांतील व्यक्तीविरुद्ध घडल्यास जन्मठेपेची तरतूद आहे. पूर्वी असा गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताची जात आरोपीला ‘माहीत असणे’ पुरेसे ठरवले. आरोपी पीडिताला वा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची मुभा आरोपीला आहे.

कलम १८ अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद करते. कलम ४ अनुसार कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कारावास होऊ शकतो. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने करावा, असे १९९५ चे नियम सांगतात. विशेष न्यायालये, साक्षीदारांचे हक्क आणि अपराधाच्या स्वरूपानुसार पीडिताला अर्थसाहाय्य यांचीही तरतूद आहे. २०१६ च्या नियमांनुसार ही रक्कम ८५ हजार ते ८ लाख २५ हजार रुपये इतकी आहे.

वादाचा केंद्रबिंदू कलम १८ हाच राहिला. खुनाच्या आरोपीला अटकपूर्व जामीन मागता येतो. जातिवाचक अपमानाच्या आरोपीला मात्र येत नाही, हा आक्षेप मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मान्य करून हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये राम कृष्ण बलोठिया प्रकरणात तो निर्णय फिरवला. हे अपराध अस्पृश्यतेच्या प्रथेशी जोडलेले असल्याने त्यांचा वेगळा वर्ग करणे रास्त आहे, तसेच मोकळा राहिलेला आरोपी पीडितांना धमकावण्याची शक्यता मोठी आहे, असे कारण न्यायालयाने दिले.

कराडचा खटला आणि संसदेची दुरुस्ती

कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने २००६ मध्ये जातीवरून छळ झाल्याची फिर्याद दिली. संबंधित अधिकाऱ्यांवर खटला चालवण्यास तंत्रशिक्षण विभागाचे तत्कालीन संचालक सुभाष काशिनाथ महाजन यांनी २०११ मध्ये मंजुरी नाकारली. हा नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, असे म्हणत फिर्यादीने २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्धच गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द करण्यास नकार दिल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्या. आदर्शकुमार गोयल व न्या. उदय लळित यांच्या पीठाने २० मार्च २०१८ रोजी महाजन यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. त्यापुढे जाऊन पीठाने सर्वसाधारण निर्देश दिले. प्रथमदर्शनी प्रकरण नसल्यास वा फिर्याद कुहेतूने केलेली दिसल्यास अटकपूर्व जामिनाला पूर्ण बंदी नाही. लोकसेवकाच्या अटकेसाठी नियुक्ती प्राधिकाऱ्याची आणि इतरांच्या अटकेसाठी वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची लेखी मंजुरी लागेल. गुन्हा नोंदण्यापूर्वी उपअधीक्षक प्राथमिक चौकशी करू शकतील. निरपराध नागरिकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण हा या निर्देशांचा घोषित हेतू होता.

दलित संघटनांनी या निकालाच्या निषेधार्थ २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद पुकारला. अनेक राज्यांत हिंसाचार होऊन जीवितहानी झाली. झाशीलगतच्या ग्वाल्हेर, भिंड व मुरैना जिल्ह्यांत परिस्थिती विशेष बिकट झाली आणि संचारबंदी लागू करावी लागली. संसदेने ऑगस्ट २०१८ मध्ये कलम १८-अ समाविष्ट केले. गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशी अथवा अटकेसाठी पूर्वमंजुरी आवश्यक नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्राच्या पुनर्विलोकन याचिकेवर २०१८ चे निर्देश मागे घेतले. खोटी फिर्याद हा माणसाच्या स्वभावाचा दोष आहे, जातीचा नव्हे. आणि असे निर्देश म्हणजे एका संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहणे होय, अशी भूमिका पीठाने घेतली. १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात कलम १८-अ वैध ठरले. फिर्यादीतून प्रथमदर्शनी अपराध दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होणार नाही, ही मर्यादित मुभा मात्र न्यायालयाने कायम ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन रद्द केला आणि जामिनाच्या टप्प्यावर पुराव्यांची खोलवर छाननी करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

उत्तर प्रदेशातील निराळी स्थिती

अटकपूर्व जामिनाचा हा वाद झाशीत बसून पाहिला, तर त्याला वेगळाच पैलू पडतो. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, उत्तर प्रदेशने फौजदारी प्रक्रिया संहितेतील अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ राज्यापुरते वगळले. ते ६ जून २०१९ पासून पुन्हा लागू झाले. म्हणजे त्रेचाळीस वर्षे या राज्यात कोणत्याही आरोपीला, कोणत्याही गुन्ह्यात, हा वैधानिक उपाय उपलब्ध नव्हता. अटकेला स्थगिती मागण्यासाठी उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराचा वा अंतरिम जामिनाचा आधार घ्यावा लागे.

परिणामी पुण्यात वा साताऱ्यात ज्या तफावतीला भेदभाव म्हटले गेले, ती झाशीत २०१९ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. १८-अ ची लढाई न्यायालयात सुरू असताना येथे प्रथमच इतर आरोपींना ती सवलत मिळाली आणि त्यासोबत फरकही निर्माण झाला. समानतेची तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न किती निर्णायक असतो, ते यावरून दिसते. एका राज्यातील आरोपीची तुलना शेजारच्या राज्यातील आरोपीशी करायची, की त्याच राज्यातील दुसऱ्या गुन्ह्यातील आरोपीशी, यावर उत्तर बदलते.

आकडे काय सांगतात

२०१८ च्या निकालात उद्धृत आकडेवारीनुसार, २०१५ मध्ये देशभरात न्यायालयांनी निकाली काढलेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ प्रकरणांत निर्दोष सुटका वा दोषमुक्ती झाली, ४९५ मागे घेण्यात आली आणि ४,११९ प्रकरणांत शिक्षा झाली. दोषसिद्धीचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते.

हेच आकडे दोन्ही बाजू वापरतात. टीकाकारांच्या मते चारपैकी तीन प्रकरणे टिकत नसतील, तर कायद्याचा दुरुपयोग उघड आहे. समर्थक सांगतात की निर्दोष सुटका म्हणजे खोटी फिर्याद नव्हे. फितूर होणारे साक्षीदार, विलंबाने झालेला तपास, जातीचा दाखला वेळेत न जोडणे, उपअधीक्षकाऐवजी कनिष्ठ अधिकाऱ्याने केलेला तपास अशा कारणांनीही खटले कोसळतात. यांतील शेवटची दोन कारणे फिर्यादीच्या हातातली नाहीत. ती यंत्रणेची आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार अनुसूचित जातींवरील अत्याचारांच्या नोंदी २०२१ मध्ये ५०,९००, तर २०२२ मध्ये ५७,५८२ होत्या. वाढीचा अर्थही एकच नाही. अत्याचार वाढले असतील, किंवा पूर्वी दबून राहणारे लोक पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचू लागले असतील. निव्वळ संख्येवरून यांपैकी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

खैरलांजी आणि कोपर्डी

महाराष्ट्रातील सार्वजनिक चर्चेला दोन घटनांनी आकार दिला. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील आरोप मात्र सिद्ध झाले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत केले आणि हत्येमागे जातीपेक्षा सूडाची भावना असल्याचे मत नोंदवले. शिक्षा झाली, पण गुन्ह्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले गेले नाही, अशी दलित संघटनांची तक्रार राहिली. हेतू सिद्ध करण्याची ही अडचणच पुढे कायद्यातील ‘कारणावरून’ हा शब्द ‘माहीत असून’ असा बदलण्यामागील युक्तिवादांपैकी एक ठरली.

अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये मराठा समाजातील एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. आरोपी दलित समाजातील होते. त्यानंतर औरंगाबादपासून सुरू झालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांत दोषींना फाशी व आरक्षण यांच्यासह अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा दुरुपयोग थांबवण्यासाठी दुरुस्तीची मागणी होती. त्याला उत्तर म्हणून कायद्याच्या समर्थनार्थही राज्यभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने तिन्ही आरोपींना सर्वसाधारण फौजदारी कायद्यांखाली फाशीची शिक्षा सुनावली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की दोन्ही पक्षांचे युक्तिवाद स्पष्ट होतात. बळी कोणत्याही जातीचा असो, क्रौर्य तेच असताना कायदा वेगळा का, असा एका बाजूचा सवाल आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, कोपर्डीत सर्वसाधारण कायद्याने सोळा-सतरा महिन्यांत कठोरतम शिक्षा दिली. विशेष कायद्याची गरज तेथेच असते, जेथे गाव, पोलीस ठाणे आणि साक्षीदार एकाच बाजूला उभे असतात.

न्यायालयांनीही प्रत्येक संघर्षाला जातीय मानलेले नाही. पीडित अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावरून जुन्या तरतुदीखाली वाढीव शिक्षा देता येणार नाही, असे खुमानसिंग प्रकरणात २०१९ मध्ये सांगण्यात आले. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात, मालमत्तेच्या वादातून चार भिंतींआड झालेली शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेसमोरील’ अपमान ठरत नाही, असे ठरले. याउलट २०२१ च्या पाटण जमाल वली प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, स्त्री, दलित आणि दृष्टिहीन अशा अनेक कारणांनी एखादी व्यक्ती एकाच वेळी दुर्बल असू शकते. अशा वेळी जात हेच एकमेव कारण होते, हे सिद्ध करण्याचा आग्रह धरता येत नाही.

जातीपलीकडील हिंसा

धर्म, भाषा वा प्रांत यांवरून होणाऱ्या हिंसेसाठी दीर्घकाळ स्वतंत्र तरतूद नव्हती. झुंडबळीच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले आणि संसदेने वेगळा अपराध निर्माण करावा, अशी शिफारस केली. मणिपूर, राजस्थान, पश्चिम बंगाल व झारखंड विधानसभांनी विधेयके मंजूर केली. उत्तर प्रदेशच्या राज्य विधी आयोगानेही २०१९ मध्ये मसुदा सादर केला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच वा अधिक व्यक्तींच्या गटाने वंश, जात अथवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वा तत्सम कारणावरून खून केल्यास गटातील प्रत्येकाला मृत्युदंड अथवा जन्मठेप होऊ शकते. कलम ११७(४) अशाच गटाने केलेल्या गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. ही तरतूद पहिल्या प्रकारची आहे. बळी कोणत्याही समाजाचा असू शकतो. तिच्या यादीत ‘धर्म’ हा शब्द स्वतंत्रपणे नाही आणि हल्लेखोर चार असतील तर ती लागू होत नाही, या दोन मुद्द्यांवर टीका होते.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराबाबत हाच मार्ग आधी स्वीकारला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ मध्ये संमत झालेला आणि जुलै २०१७ पासून लागू झालेला कायदा कोणत्याही समाजातील बहिष्कृताला संरक्षण देतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १९४७ मधील डॉ. आंबेडकरांच्या सूचनेला अशा रीतीने निराळ्या, सर्वसमावेशक स्वरूपात कायद्याचे रूप मिळाले.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत ‘समान संरक्षण’ हा शब्दप्रयोगच मुक्त झालेल्या गुलामांवरील हिंसेच्या पार्श्वभूमीवर घटनेत आला. परंतु १८७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते संरक्षण केवळ राज्याच्या कृतीविरुद्ध आहे, खासगी व्यक्तीच्या हिंसेविरुद्ध नाही, असा अर्थ लावला. भारताच्या अनुच्छेद १७ मध्ये ही पळवाट राहिली नाही. १९९३ मधील विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल खटल्यात आरोपी कृष्णवर्णीय, तर बळी श्वेतवर्णीय मुलगा होता. वाढीव शिक्षा विचाराला नव्हे, तर बळीची निवड करण्याच्या कृत्याला आहे, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. २००० मधील अप्रेंडी निकालाने मात्र द्वेषाचा हेतू ज्युरीसमोर निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, अशी अट घातली. ब्रिटनने १९९८ पासून वांशिक द्वेषातून केलेल्या ठरावीक गुन्ह्यांना अधिक शिक्षा ठेवली आहे. हे सर्व कायदे कारणावर आधारित आहेत, गटावर नव्हे.

अनुत्तरित प्रश्न

भारतीय न्यायालयांनी वर्गीकरणाची वैधता मान्य केल्याने विशेष कायदा असावा की नसावा, हा घटनात्मक प्रश्न तूर्त निकाली निघालेला आहे. वाद आता अंमलबजावणीत आहे. तपास मुदतीत व योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याकडून होतो काय, कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकांवर कलम ४ खाली कारवाई होते काय, खोट्या फिर्यादीची शहानिशा पीडितांना न घाबरवता कशी करायची आणि कलम १०३(२) चा वापर पोलीस किती वेळा करतात, या प्रश्नांवर पुढील चर्चा अवलंबून राहील. झुंडबळीची स्वतंत्र राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्ध होत नसल्याने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आणखी कठीण आहे.

निरपराध आरोपीचे स्वातंत्र्य आणि दुर्बल पीडिताची सुरक्षितता ही दोन्ही घटनेचीच आश्वासने आहेत. शिक्षेची तीव्रता वाढवून पहिले धोक्यात येऊ शकते आणि तपासातील दिरंगाईने दुसरे निरर्थक ठरते. नि:पक्षपाती व वेळेत झालेला तपास मात्र खोट्या फिर्यादीतून आरोपीला सोडवतो आणि खऱ्या फिर्यादीत पीडिताला न्याय मिळवून देतो; त्याची मागणी करण्यात दोन्ही पक्षांचे हित एकच आहे.